मोकळी जागा आणि पार्शल इंडेक्स

डेटाबेसवर काम करणाऱ्या प्रत्येकाला दोन सल्ले हमखास मिळतात. बाहेरून आलेली व्हॅल्यू क्वेरीच्या मजकुरात कधीही चिकटवू नका. तिच्यासाठी जागा मोकळी ठेवा आणि व्हॅल्यू वेगळी पाठवा, हा पहिला. टेबलातल्या मोजक्याच ओळी पुन्हापुन्हा लागत असतील तर सगळ्या टेबलाचा इंडेक्स करू नका, तेवढ्याच ओळींचा करा, हा दुसरा. दोन्ही सल्ले खरे आहेत आणि मी दोन्ही मनापासून देतो. पण ते एकाच क्वेरीवर एकाच वेळी पाळले, की पुष्कळदा एक चमत्कारिक स्थिती उद्भवते. इंडेक्स जागेवर असतो, क्वेरी अचूक असते, उत्तरही बरोबर येते, पण डेटाबेस त्या इंडेक्सला हात लावत नाही आणि सगळे टेबल वाचत बसतो. पुढच्या प्रकरणांचा विषय हाच आहे. बोलणे मुख्यतः पोस्टग्रेसबद्दल असेल, कारण या प्रश्नाचे सगळे पदर तिथे उघडे दिसतात.

अशा निवडक ओळींच्या इंडेक्सची, म्हणजे पार्शल इंडेक्सची, कल्पना जुनी आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८९ मध्ये सिगमॉड रेकॉर्ड या नियतकालिकात तिची बाजू मांडणारा छोटा निबंध लिहिला. बर्कलीच्या पोस्टग्रेस प्रकल्पात ती उतरली, पुढे काही वर्षे निकामी पडून राहिली आणि २००२ च्या फेब्रुवारीत आलेल्या ७.२ आवृत्तीत पुन्हा चालू झाली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती २००८ च्या आवृत्तीत फिल्टर्ड इंडेक्स या नावाने आली, एसक्यूलाइटमध्ये २०१३ साली. मायएसक्यूएलमध्ये ती अजून नाही.

समजा, ऑर्डरींचे एक कोटी ओळींचे टेबल आहे. स्टेटस या कॉलममध्ये चारच व्हॅल्यू येतात: पेंडिंग, पाठवलेली, पोहोचलेली, रद्द. जुन्या ऑर्डरी साठत जातात, त्यामुळे बहुतेक ओळी पोहोचलेल्या असतात आणि कोणत्याही क्षणी पेंडिंग ओळी काही हजारांच्या पलीकडे जात नाहीत. गोदामातले लोक दिवसभर विचारतात ते मात्र पेंडिंगबद्दलच. अशा वेळी तारखेवर इंडेक्स करायचा आणि त्याला अट जोडायची: स्टेटस बरोबर पेंडिंग. एक कोटीऐवजी काही हजार नोंदींचा इंडेक्स मेमरीत सहज मावतो, आणि पोहोचलेल्या ऑर्डरींची धूळ त्यावर बसत नाही. पतसंस्थेत सगळ्या कर्जखात्यांच्या मोठ्या खतावणीशेजारी थकीत खात्यांची एक पातळ वही असते, तसे हे. थकीत खाती पाहायची तर कारकून पातळ वहीच उचलतो. पण साहेबांनी आधी नुसते म्हटले, की मी एका प्रकारची खाती विचारणार आहे, प्रकार मागाहून सांगतो, तुम्ही वही घेऊन या. तर समजूतदार कारकून मोठी खतावणीच उचलेल. साहेब शेवटी थकीतच विचारतील अशी त्याला नव्व्याण्णव टक्के खात्री असली, तरीही. चुकीची वही नेली आणि साहेबांनी नियमित खाती विचारली, तर उत्तर उशिरा येणार नाही, खोटे येईल.

डेटाबेसची अडचण नेमकी हीच आहे. पार्शल इंडेक्स वापरायचा तर प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची हे ठरवणाऱ्या भागाला, आधी एक गोष्ट सिद्ध करावी लागते: क्वेरीची अट ज्या ज्या ओळीला लागू पडते, त्या प्रत्येक ओळीला इंडेक्सची अटही लागू पडलीच पाहिजे. क्वेरीत स्टेटस बरोबर पेंडिंग असे लिहिलेले असेल तर सिद्ध करायला काही उरत नाही. तिथे मोकळ्या जागेचे प्रश्नचिन्ह, म्हणजे पॅरामीटर, असेल तर सिद्ध करता येण्यासारखे काही नसते, कारण त्या जागी रद्दही येऊ शकते. पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत हे सरळ सांगितले आहे. ही पडताळणी प्लॅन बनताना होते, क्वेरी चालताना नाही. म्हणून एक्स एका पॅरामीटरपेक्षा लहान आहे, यावरून एक्स २ पेक्षा लहान आहे असा निष्कर्ष कधीच निघत नाही.

पॅरामीटरचा आग्रह कुठून आला तेही पाहिले पाहिजे. एक कारण सुरक्षिततेचे. वेबपानावरच्या रकान्यात लिहिलेला मजकूर थेट क्वेरीत गेला की क्वेरीचा अर्थच बदलता येतो, हे १९९८ च्या अखेरीस फ्रॅक या नियतकालिकात जाहीरपणे मांडले गेले, आणि त्यानंतरच्या काळात इंजेक्शन हा शब्द प्रत्येक प्रोग्रॅमरच्या तोंडी आला. दुसरे कारण त्याहून जुने, काटकसरीचे. क्वेरीचा मजकूर वाचायचा, तिचे पर्याय तोलायचे, त्यातला स्वस्त निवडायचा, या कामाला वेळ लागतो. तीच क्वेरी हजारदा यायची असेल तर हे काम एकदाच करावे आणि व्हॅल्यू बदलत राहाव्यात, हा विचार आयबीएमच्या सिस्टिम आरच्या काळापासून आहे. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये खर्चाच्या अंदाजावरून मार्ग निवडण्याची जी पद्धत मांडली, तिच्यावरच आजचे बहुतेक प्लॅनर उभे आहेत.

सुरक्षिततेच्या कारणाचा पार्शल इंडेक्सशी काही झगडा नाही. झगडा आहे तो काटकसरीशी, म्हणजे एकच प्लॅन सगळ्या व्हॅल्यूंना वापरण्याशी. हे दोन धागे वेगळे केले नाहीत तर पुढचे काहीच नीट उलगडत नाही. पॅरामीटर वापरले म्हणजे पार्शल इंडेक्स मेला, असे जे सरसकट सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे, आणि ते ऐकून लोक व्हॅल्यू पुन्हा मजकुरात चिकटवायला लागतात. तेवढे तरी कुणी करू नये, म्हणून हे सगळे तपशिलात लिहावेसे वाटले.

पोस्टग्रेसमध्ये २०१२ च्या ९.२ आवृत्तीपूर्वी नाव दिलेल्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा, म्हणजे एकदा तयार करून पुन्हापुन्हा चालवायच्या क्वेरीचा, प्लॅन एकदाच, व्हॅल्यू न पाहता बनत असे. ९.२ पासून दोन प्रकारचे प्लॅन आले. कस्टम प्लॅन त्या वेळी आलेल्या व्हॅल्यू मोकळ्या जागी भरून बनतो. प्लॅनरच्या नजरेला तिथे पॅरामीटर उरतच नाही, पेंडिंग हा शब्द दिसतो, आणि पार्शल इंडेक्स बिनबोभाट वापरला जातो. जेनेरिक प्लॅन जागा मोकळीच ठेवून बनतो आणि कोणत्याही व्हॅल्यूला चालतो. इंडेक्सची अट त्या मोकळ्या जागेवर अवलंबून असेल, तर त्याला पार्शल इंडेक्स शिवता येत नाही. पहिल्या पाच वेळा कस्टम प्लॅन बनतात. सहाव्या वेळी पोस्टग्रेस जेनेरिक प्लॅन बनवून पाहते आणि त्याचा अंदाजी खर्च आधीच्या पाच कस्टम प्लॅनांच्या सरासरीशी ताडते. त्या सरासरीत प्लॅन बनवण्याचाही खर्च धरलेला असतो. जेनेरिक स्वस्त वाटला तर तो स्वीकारला जातो.

आता हे आपल्या ऑर्डरींना लावून पाहू. एखाद्या कनेक्शनवरून ही क्वेरी पाचही वेळा पेंडिंगसाठीच गेली, तर कस्टम प्लॅन अतिशय स्वस्त निघतात. जेनेरिक प्लॅनला व्हॅल्यू माहीत नाही. चार वेगळ्या व्हॅल्यू आहेत तेव्हा सरासरी पाव टेबल येईल असे तो धरतो, आणि महाग ठरतो. मग त्या कनेक्शनवर कस्टम प्लॅन चालूच राहतात. दर वेळी प्लॅन बनवण्याचा थोडा भुर्दंड पडतो, पण इंडेक्स वापरला जातो. दुसऱ्या कनेक्शनवर मात्र पहिल्या पाच वेळा कुणी पोहोचलेल्या ऑर्डरींचा अहवाल मागितला असेल, तर पाचही कस्टम प्लॅन सगळे टेबल वाचणारे, म्हणजे महाग. जेनेरिकही टेबलच वाचतो, शिवाय त्याला पुन्हा प्लॅन बनवावा लागत नाही. तो जिंकतो. त्यानंतर त्याच कनेक्शनवर पेंडिंगची मागणी आली तरी उत्तर त्या जेनेरिक प्लॅनवरूनच जाते: काही हजार ओळींसाठी एक कोटी ओळी चाळून.

कनेक्शन पूल असलेल्या यंत्रणेत याचा जो त्रास होतो, त्याला तोड नाही. एकच क्वेरी, एकच व्हॅल्यू, एकच सर्व्हर. एका कनेक्शनवरून क्षणात उत्तर, दुसऱ्यावरून कित्येक सेकंद. ॲप्लिकेशन पुन्हा चालू केले की सगळे ठीक, दुपारपर्यंत पुन्हा तेच. तपासायला बसलेला माणूस क्वेरी टर्मिनलवर चिकटवतो, प्रश्नचिन्हाच्या जागी पेंडिंग लिहितो, प्लॅन पाहतो, आणि त्याला इंडेक्स दिसतो. दोष नेटवर्कवर ढकलला जातो, डिस्कवर ढकलला जातो. ज्या क्षणी त्याने प्रश्नचिन्हाच्या जागी शब्द लिहिला, त्याच क्षणी त्याने आजार खोलीबाहेर काढलेला असतो.

त्यात ड्रायव्हरची भर पडते. पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर एखादे स्टेटमेंट पाच वेळा वापरले जाईपर्यंत सर्व्हरवर त्याला नाव देत नाही. ती मर्यादा बदलता येते, पण मुळात ५ असते. म्हणजे ड्रायव्हरचे पाच, मग सर्व्हरचे पाच, आणि साधारण दहाव्या वेळेच्या आसपास वेग कोसळतो. चाचणीत क्वेरी तीन-चारदा चालवणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. पायथनच्या सायकोपीजी २ मध्ये उलटा प्रकार. तो व्हॅल्यू नीट अवतरणात घालून क्लायंटकडेच मजकुरात मिसळतो आणि सर्व्हरला पूर्ण वाक्य पाठवतो. प्रोग्रॅमरने पॅरामीटर वापरलेले असतात, सुरक्षितता शाबूत असते, पण सर्व्हरला पॅरामीटर दिसतच नाहीत. पार्शल इंडेक्स वर्षानुवर्षे सुखाने चालतो. सायकोपीजी ३ खऱ्या पॅरामीटरने बोलतो. हे ध्यानात घेऊनच की काय, जँगोच्या ४.२ आवृत्तीत सायकोपीजी ३ आला तरी सर्व्हरकडे पॅरामीटर पाठवण्याची सोय मुळात बंद ठेवलेली आहे. क्वेरीच्या वेगाबद्दल बोलताना ड्रायव्हर कोणता, हे विचारल्याशिवाय मी आता मत देत नाही.

डेटाबेसच्या आतल्या फंक्शनांत तर पॅरामीटर लपूनच बसतात. पीएल-पीजीएसक्यूएलमध्ये व्हेरिएबल क्वेरीत वापरले की ते पॅरामीटरच होते, आणि तोच पाचांचा नियम तिथेही लागतो. लिहिणाऱ्याने कुठेही प्रिपेअर म्हटलेले नसते. आजची तारीख सांगणाऱ्या फंक्शनाचेही तसेच: मुदत आजच्या तारखेआधी संपली, या अटीवरून प्लॅनर मुदत अमुक ठरावीक तारखेआधी संपली असा निष्कर्ष काढत नाही, कारण आज म्हणजे कोणता दिवस हे क्वेरी चालतानाच ठरते.

प्लॅनर किती सिद्ध करू शकतो याच्याही मर्यादा आहेत, आणि त्या मुद्दाम आखलेल्या आहेत. एक्स १ पेक्षा लहान असेल तर २ पेक्षा लहान आहेच, एवढे त्याला कळते. त्यापलीकडे अट जवळजवळ जशीच्या तशी जुळावी लागते. बीजगणिताने सारखी असून वेगळ्या रूपात लिहिलेली अट तो ओळखत नाही. लांबलचक यादी दिली तर शंभर घटकांच्या पुढे तो तपासायचेच सोडून देतो. प्लॅन बनवण्यात घालवलेला वेळही क्वेरीच्याच वेळात मोजला जातो, तेव्हा प्लॅनरने गणितज्ञ होऊ नये हे मला योग्यच वाटते.

या मर्यादांमध्ये एक सुंदर जागा आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. इंडेक्सची अट नुसती कॉलम रिकामा नाही, म्हणजे नल नाही, अशी असेल, तर पॅरामीटर असलेल्या क्वेरीलाही तो इंडेक्स मिळतो, जेनेरिक प्लॅनमध्येसुद्धा. कारण बरोबर या चिन्हाची तुलना नलशी कधीच खरी ठरत नाही. मोकळ्या जागी काहीही येवो, अगदी नल येवो, तुलना खरी ठरली म्हणजे कॉलममध्ये नल नव्हता हे नक्की. सिद्धता व्हॅल्यूवर अवलंबून राहत नाही. ज्या टेबलात कूपन क्रमांकासारखा कॉलम बहुतेक ओळींत रिकामा असतो, तिथे हा उपाय निर्धास्तपणे वापरावा. डिलीट न करता डिलीट झाल्याची तारीख लिहून ठेवण्याची जी रीत आहे, तिचेही इंडेक्स अशाच मिळत्याजुळत्या कारणाने टिकून राहतात: तारीख नल आहे, या अटीत मोकळी जागाच नसते, ओआरएम, म्हणजे प्रोग्रॅमच्या वतीने क्वेरी लिहिणारे साधन, ती नेहमी पूर्ण लिहूनच पाठवते. ओरॅकलमध्ये अट जोडलेला असा इंडेक्स नाही, पण तिथले जुने लोक नलच्याच गुणाचा उपयोग करतात. पेंडिंग असेल तर ऑर्डर क्रमांक, नाहीतर नल, अशा केस-राशीवर ते इंडेक्स करतात. सर्वस्वी नल असलेल्या नोंदी ओरॅकलच्या बी-ट्री इंडेक्समध्ये जातच नाहीत, तेव्हा इंडेक्स आपोआप छोटा राहतो. क्वेरीत तीच रास लिहावी लागते, आणि तिची तुलना खुशाल पॅरामीटरशी करावी.

आतापर्यंत सगळा प्रश्न वेगाचा होता. एका ठिकाणी तो एरर येण्यापर्यंत जातो. पार्शल इंडेक्स युनिक असू शकतो: चालू असलेल्या खात्यांपुरता ईमेल वेगळा असावा, बंद खात्यांची फिकीर नको. अशा टेबलात आधीची ओळ असेल तर ती बदला, नसेल तर नवी घाला, असे ऑन कॉन्फ्लिक्टने सांगायचे असेल, तर कोणता युनिक इंडेक्स धरायचा हे पोस्टग्रेसला प्लॅन बनतानाच ठरवावे लागते, आणि त्यासाठी इंडेक्सची अट त्या वाक्यात द्यावी लागते. तिथे ओआरएमने पॅरामीटर घातला, तर पाच वेळा सगळे सुरळीत चालते. सहाव्या वेळी जेनेरिक प्लॅन बनू लागतो, अट सिद्ध होत नाही, आणि जुळणारा युनिक कन्स्ट्रेंट नाही अशी एरर येते. मंद क्वेरी लोक सहन करत राहतात; ही एरर दुसऱ्याच मिनिटाला कुणाला तरी कामाला लावते. दोन्हींत मला हीच बरी वाटते.

मग करायचे काय? पोस्टग्रेसमध्ये २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून प्लॅन कॅश मोड ही सेटिंग आहे. नेहमी कस्टम प्लॅनच बनवा असे तिच्यातून सांगता येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरीला रीकंपाइल हा पर्याय जोडतात, आणि तिथली एक गोष्ट मला फार आवडते: पॅरामीटरमुळे फिल्टर्ड इंडेक्स वापरता आला नाही तर प्लॅनमध्येच तशी सूचना लिहिलेली असते. पोस्टग्रेस असे काही सांगत नाही. पण हे उपाय दर वेळी प्लॅन बनवण्याची किंमत मोजून मिळतात, आणि ते क्वेरी लिहिण्याच्या सवयीला हात लावत नाहीत. माझे म्हणणे त्या सवयीबद्दल आहे. गोदामातल्या पडद्यावर पेंडिंग ऑर्डरी दिसतात. तिथे पेंडिंग ही कुणी भरलेली व्हॅल्यू नाही. त्या पडद्याचा अर्थच तो आहे. तो शब्द प्रोग्रॅमरने लिहिलेला आहे, बाहेरून आलेला नाही, त्यात इंजेक्शनची भीती नाही. तो क्वेरीत शब्द म्हणूनच लिहावा आणि ग्राहक क्रमांक, तारीख, शोधाचा मजकूर यांना मोकळी जागा द्यावी. असे लिहिले की जेनेरिक प्लॅनही पार्शल इंडेक्स आनंदाने वापरतो आणि प्लॅन पुन्हा बनवावा लागत नाही. दोन्ही सल्ले एकाच क्वेरीत पाळले जातात. ओआरएम प्रत्येक व्हॅल्यूला न विचारता पॅरामीटर करतात ही त्यांची सावधगिरी मी समजू शकतो, पण क्वेरीत काय बदलते आणि काय बदलत नाही हे त्यांना ठाऊक नसते. ते ठाऊक असलेला एकच माणूस असतो, क्वेरी लिहिणारा, आणि त्याने ते लिहून ठेवावे.

हा निर्णय डेटाबेसने क्वेरी चालतानाच का घेऊ नये, असे वाचकाच्या मनात येईल. पार्टिशनच्या बाबतीत पोस्टग्रेसने ते केलेही आहे. २०१८ च्या ११ व्या आवृत्तीपासून पॅरामीटरची व्हॅल्यू कळल्यावर, क्वेरी चालताना, नको ती पार्टिशन गाळली जातात. पण गाळणे आणि निवडणे यांत फरक आहे. प्लॅनमध्ये सगळी पार्टिशन आधीच असतात, एखादे वगळले तरी उरलेला प्लॅन तसाच उभा राहतो. पार्शल इंडेक्स लागू होत नसेल तर मात्र त्या जागी दुसराच मार्ग लागतो, कदाचित जॉइनचा क्रमही वेगळा. म्हणजे दोन पूर्ण प्लॅन जवळ बाळगावे लागतात. हेही कुणाला सुचले नाही असे नाही. गोट्झ ग्रेफे आणि कॅरन वॉर्ड यांनी पर्यायी मार्ग प्लॅनमध्येच ठेवून सुरुवातीच्या क्षणी व्हॅल्यू पाहून एक निवडणारे ऑपरेटर सिगमॉड परिषदेत मांडले, ते साल १९८९ च, स्टोनब्रेकर यांच्या निबंधाचेच. पोस्टग्रेसमध्ये स्टोनब्रेकर यांची कल्पना रुजली, ग्रेफे आणि वॉर्ड यांची आली नाही. अशा तीन इंडेक्सांच्या तीन अटी असल्या की पर्याय आठ होतात, आणि प्लॅनरचे काम त्या प्रमाणात फुगते. ती किंमत सगळ्यांनी मोजावी का, हा वाद मोकळाच आहे. शेवटच्या प्रकरणात मी त्याकडे पुन्हा येतो.

पुढे वाचण्याआधी एक करावे. आपल्याकडे पोस्टग्रेस १६ किंवा नंतरची आवृत्ती असेल तर एक्सप्लेनला जेनेरिक प्लॅन हा पर्याय देता येतो. पॅरामीटर तसेच ठेवून, व्हॅल्यू न देता, प्लॅन दिसतो. जुन्या आवृत्तीत, १२ पासून, प्लॅन कॅश मोड जेनेरिकवर ठेवून स्टेटमेंट प्रिपेअर करावे आणि एक्सप्लेन एक्झिक्यूट चालवावे. आपल्या यंत्रणेतल्या ज्या क्वेरींसाठी पार्शल इंडेक्स बनवले आहेत, त्या सगळ्यांवर हे चालवून पाहावे, आणि ज्यांत इंडेक्सचे नाव दिसले नाही त्यांची यादी जवळ ठेवून पहिले प्रकरण उघडावे.